मांडीतला रॉड आणि म्हशाचा बैल

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात नवऱ्याबरोबर मी म्हसा गावच्या जत्रेत बैल घ्यायला गेले. धसईहून चालत. पायात नव्या चपला, नाकात नथ आणि अक्कल घरी ठेवलेली! तिथे एक बैल दिसला. शिंगं लालभडक रंगवलेली, कपाळाला गोंडा. म्हटलं, "ह्योच घ्या."

"आधी चालवून बघूदे गो," नवरा म्हणाला. बैल असाच घेतात. मालक दोर धरून चालवतो, घेणारा मागून पाय बघतो. पण नवी नवरी फुगून बसली, म्हणून बैल न चालवताच घेतला. घरी आला तो लंगडत! गावात मला किती दिवस 'पारखीण' म्हणायचे. शहाणी कुठली!

गेल्या साली त्याच पारखिणीची मांडी दुखायला लागली. छातीचा कॅन्सर काढून बरीच वर्षं झालेली, तो डोक्यातच आला नाही. भातलावणीत वाकून भरलं असेल म्हणून निर्गुडीचा पाला गरम करून बांधत बसले. शेवटी शहापूरला मांडीचा एक्स-रे काढला आणि तिथून मोठ्या हॉस्पिटलात धाडलं.

"आजी, आजार हाडात उतरलाय," डॉक्टर म्हणाले. "हाड आतून पोखरलंय, कधीही मोडेल. आधीच रॉड घालू. त्यानं आजार जाणार नाही, औषधं चालूच राहतील. पण पाय टिकेल."

"चुलीपर्यंत माझी मी जाईन ना?"

"त्यासाठीच तर घालायचा."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नर्सने वॉकर हातात दिला. मांडीत नुसती आग. पाय उचलेल की नाही, देव जाणे. मागे वळून बघते तर नवरा कमरेत वाकून माझे पाय बघतोय. अगदी म्हशाच्या बाजारात बघायचा तसा!

"बघता काय? दात पण मोजा!"

"गप चाल गो. डावा पाय जरा दबतोय."

"मग, माघारी धाडता काय?"

"त्या बैलाला धाडला व्हता काय?"

नव्हता धाडला. तो लंगडा आमच्याच गोठ्यात म्हातारा झाला. दर दिवाळीच्या पाडव्याला त्याची शिंगं मी रंगवायची.

मी वॉकर पुढे सरकवला. एक पाऊल, मग दुसरं. खोलीच्या दारापर्यंत माझी मी गेले, चौकटीला हात टेकला आणि नर्सला म्हटलं, "ह्या बाबाला सांगा, चाल बघून झाली. आता शिंगं रंगवा म्हणावं."