संभाजीनगर ते हैदराबाद: एक मुक्काम

"लई लांब हाय," एवढंच बोलून थोरल्या काकांनी विषय संपवला. मला हैदराबादेत नोकरी मिळाली होती. घरातली पहिली पदवीधर मी, आणि काकांचा सवाल, इथं शहराजवळ चिकलठाण्याला कंपन्या संपल्या का? मी मोबाइलवर नकाशा दाखवला. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, रेल्वेनं एक रात्र. दुष्काळात तुम्ही मेंढरं घेऊन पायी तेलंगणाच्या हद्दीपर्यंत गेलात, तेव्हा नव्हतं का लांब, असंही विचारलं.

शेवटी दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "आधी मी बघून येतो."

आम्हा मेंढपाळांत कळप हलण्याआधी एक जण पुढं जाऊन चारापाणी बघतो. तो नाही म्हणाला तर कळप हलत नाही.

"दादा, मी मेंढरू नाही. मीपण येणार."

"मग चल की."

आमच्या देवगाव रंगारीहून दुपारची एसटी धरा, म्हणजे रात्रीच्या गाडीआधी शहरात निवांत फिरता येतं. शहराच्या तोंडाशी नव्या इमारती उठल्यात आणि जवळपास प्रत्येकीपुढं टँकर उभा. दादा खिडकीतून बघतच राहिले. गुलमंडीच्या बाजारात मी ऑफिससाठी दोन ड्रेस घेतले. अजून ठरलं कुठं, असं ते पुटपुटले. माझं ठरलंय, म्हणत मी पिशवी त्यांच्याच हातात दिली.

स्लीपरचं तिकीट आधीच काढून ठेवा. सोबत भाकरी आणि ठेचा असू द्या. गाडीतल्या जेवणाच्या नादी लागू नका. जेवणाचा डबा उघडताना मी दादांना सरळ सांगून टाकलं, तुम्ही नाही म्हणालात तरी मी जाणार आहे. त्यांनी ठेचा माझ्याकडं सरकवला.

सकाळी स्टेशनबाहेर इडली खाऊन आम्ही मी ठरवून ठेवलेलं हॉस्टेल गाठलं. मला त्यांना खोली दाखवायची होती, खिडकीतून दिसणारं ऑफिस दाखवायचं होतं. दादा मात्र थेट अंगणातल्या नळाशी गेले. ओंजळभर पाणी पिऊन त्यांनी वॉचमनला आपल्या हिंदीत विचारलं, "पानी कायम रहता क्या?"

"रहता चाचा. मई में जरा कम."

दादांनी मान हलवली. मला राग आला. एवढ्या लांब येऊन नळच बघायचा होता का? आणि मी काय सांगितलं होतं, तुम्ही काहीही म्हणा...

"ठाऊक हाय," ते तोंड पुसत म्हणाले. "तू जाणारच. म्हणून तर पाणी बघाया आलो."

परत आल्यावर काकांनी ओट्यावरूनच विचारलं, किती लांब हाय रं?

"एक मुक्काम," दादा म्हणाले. "पाणी हाय तिथं. मे महिन्यात जरा कमी."

मग काका मला म्हणाले, मेपर्यंत एक चांगली घागर घेऊन ठेव.

किती लांब जावं, असं मला मैत्रिणी विचारतात. घरच्यांना नकाशा दाखवून उपयोग नाही, मी दाखवून बघितलाय. घेऊन जा त्यांना, नळ उघडून दाखवा. आणि आपलं तिकीट त्याआधीच काढून ठेवा. मी रुजू व्हायच्या दिवसाचं काढलं होतं. फक्त जाण्याचं.