अकरा गाठी

डबा खाऊन डॉ. विनया तारळेकर लॅबच्या टेबलावर डोकं टेकवते. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावते. त्या पाचांची नेहमी वीस होतात. समोर स्क्रीनवर रिपोर्ट तयार आहे: कानाखालच्या लाळग्रंथीचा कॅन्सर, बाई, वय चौतीस, मानेतून काढलेल्या चरबीत लिम्फ नोडच्या अकरा गाठी, अकराही स्वच्छ. फक्त सही राहिली आहे. गाठी स्वच्छ म्हणजे बहुतेक ऑपरेशनवरच भागतं. एकीत जरी आजार उतरलेला असला, तर रेडिएशनचे शेक द्यावे लागतात, आणि पाच वर्षं काढण्याची आशा बरीच खाली येते.

दार ढकलून हिंदुरावमामा आत येतात. तीस वर्षं याच लॅबमध्ये चरबी चाचपून गाठी शोधणारा हा माणूस दोन वर्षांपूर्वी याच आजारानं गेला, हे विनयाला पक्कं ठाऊक आहे. तरी ती खुर्ची पुढे सरकवते.

"बसत न्हाई, डॉक्टरबाई. परात कुठं हाय?"

टेबल आता तिच्या घरचा ओटा आहे. परातीत कणीक. नवा डॉक्टर आला की मामा कणकेत मोहरी मळून द्यायचे आणि डोळे मिटून एकूण एक दाणा काढायला लावायचे. पहिल्या दिवशी विनयाला निम्मेही सापडले नव्हते.

ती अकरा काढते. "झाले."

"झालं म्हंजे? संपलं, का कटाळा आला?"

"कंटाळा आला," ती कबूल करते. "जेवायची वेळ झाली होती."

ओट्याची खाट होते. मामा आडवे आहेत, मानेला पट्टी. तिला हे विचारायचंच होतं. "मामा, तुमच्या रिपोर्टात मी नऊ लिहिल्या. नऊही स्वच्छ. म्हणून शेक दिले नाहीत, आणि वर्षभरात मान सुजली. एखादी राहिली होती का?"

"मला इचारताय व्हय? चरबी तुमच्या हातात हुती. मी वर खाटंवर पडलो हुतो." ते हसतात. रागाचा मागमूस नाही, त्यानंच तिला रडू फुटतं. "घावली असती तरी वाचलोच असतो, असं बी न्हाई. पर बघायचं असतंय. त्या बाईची बरणी अजून टाकली न्हाई न्हवं?"

विनया जागी होते. पावणेदोन. अंगठा आणि पहिलं बोट घट्ट चिमटलेलं आहे. सोडवते, तर बोटाला मोहरीचा दाणा. डब्यातल्या कोबीच्या फोडणीतला असणार. पण हा तडतडलेला नाही, कच्चाच आहे.

दाणा ती टेबलाच्या कडेला ठेवते, "अकरा" खोडते आणि उरलेल्या चरबीची बरणी पुढ्यात ओढते.