गुरुलिंगचे तीन राजे

गुरुलिंगला चांगली पानं आली की त्याच्याआधी समोरच्यांना कळायचं. तंबाखू चघळणारं तोंड थांबायचं, कान लाल व्हायचे आणि गडी लगेच चाल दुप्पट करायचा. मग काय, तिप्पण्णा आणि हरिबा पानं टाकून मोकळे! तीन पत्तीचा डाव चिंचोक्यांचा, पण त्यातही याच्याशी शेवटपर्यंत भिडायला कुणी थांबेना.

लग्नाच्या बाजारातही हेच झालं, असं सोजरबाई सांगायची. खोटं कशाला बोलेल, स्थळं तिनंच आणलेली. मुलीनं पोहे पुढं करायच्या आत हा "पसंत हाय!" म्हणायचा. मुलीकडचे म्हणायचे, एवढी घाई म्हणजे पोरात खोट असणार. चादरीच्या दुकानात घड्या घालता घालता पन्नाशी आली. त्याच्या एकट्याच्या खोलीत माणसाचा आवाज व्हायचा तो रविवारी, तिप्पण्णा आणि हरिबा खेळायला आले की.

चौऱ्याहत्तर सालच्या अशाच एका रविवारी त्याच्या हातात तीन राजे आले. हात चिंचोक्यांकडे निघालाच होता, पण त्यानं आवरला. वाढवलं की हे दोघे पानं टाकणार. त्याला चिंचोके नको होते. एकदा तरी कुणीतरी समोर बसून "दाखव बघू" म्हणावं, एवढंच हवं होतं. त्यानं तंबाखू चघळत साधी चाल टाकली. परत साधी. परत साधी. ढीग वाढत गेला.

"गुरुअण्णा, आज वाढवत न्हाईस? बरं हाय न्हवं?" तिप्पण्णानं विचारलं.

"बरं हाय की. तू चाल."

तिप्पण्णानं पानं छातीशी गच्च धरली होती, म्हणजे भारीच असणार. पण हरिबानं त्याला डोळ्यानं खुणावलं आणि दोघांनीही पानं पालथी टाकली.

"घे बाबा," हरिबा म्हणाला. "हातात कायबी नसताना दम धरलास. कवा न्हवं ते ढीग मिळाला, ठेव तुला!"

जावयाला आहेर केल्यासारखे दोघे खूश. राजे उलटून दाखवावेत असं गुरुलिंगला लई वाटलं. पण तोंडं पडली असती दोघांची, आणि पुढच्या रविवारी कोण आलं असतं?

"व्हय, कायबी न्हवतं," म्हणत त्यानं राजे गड्डीत मिसळले. "आणखी एक डाव टाकू की."

"नगं अण्णा, घरात वाट बघत्यात." तिप्पण्णा चपला शोधू लागला.

दोघे जिना उतरेपर्यंत गुरुलिंगनं तिघांची पानं वाटली होती.