भुलाबाईची गाणी वाचणारा संगणक
माझा जुना संगणक सुरू केला की तापलेल्या धुळीचा वास येतो आणि मला ती दुपार आठवते. तुमच्या बाबाने माझ्यासाठी नवा संगणक आणला होता. देवळीच्या दुरुस्तीवाल्याने जुन्यातल्या फायली त्यात टाकल्या, तर माझ्या सासूबाईंनी, म्हणजे तुमच्या बाबाच्या आजीने, सांगितलेल्या आणि मी टाइप केलेल्या, भाद्रपदात मुली म्हणतात त्या भुलाबाईच्या गाण्यांऐवजी इंग्रजी अक्षरं आणि डॉलरच्या खुणा उमटल्या. “आजी, तुमचं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर यात चालत नाई. देऊन टाका जुना भंगारात,” तो म्हणाला. सासूबाई गेल्या होत्या आणि ती गाणी दुसरीकडे कुठेच लिहिलेली नव्हती. मी म्हणाले, “वाचता तुमच्या नव्याले येत नाई, अन् भंगारात माझा काऊन देऊ?” तुमचा बाबा हसला, मी नाही हसले. नवा तुमच्या बाबाबरोबरच परत पाठवला. जुना सुरू व्हायला दहा मिनिटं घेतो. घेऊ दे. या चिठ्ठीसोबत तुम्हाला पाठवलेली गाणी त्याच्यावरूनच छापली आहेत.