स्वतःशी बोलायची मराठी

मला स्वतःशी मोठ्यानं बोलायची खोड आहे. बोलते म्हणजे काय, शिव्याच घालते. चेन्नईत आल्यापासून तर जास्तच. मैलापूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी कुणालाच कळत नाही, त्यामुळे तोंडाला लगाम राहिला नाही. सकाळी डबा, इस्त्री, लेकीची वेणी, मग धावतपळत बँक. नवरा रेल्वेत, निम्मा आठवडा ड्यूटीवर बाहेरगावी. दूध उतू गेलं की झालं सुरू, "मूर्ख कुठली! एक काम धड येत नाही बाई तुला. बाकीच्या बायका कशा करतात?" खालच्या मजल्यावरच्या मामींना कितीतरी दिवस वाटत होतं, मी सकाळी स्तोत्रं म्हणते. एकदा कौतुकही केलं त्यांनी, किती नेमानं म्हणतेस म्हणून. काय सांगणार, कप्पाळ!

लेकीला मात्र मी कधी वाकडा शब्द बोलले नाही. आई म्हणून एवढं एक तरी जमलंय, अशी माझी समजूत होती. सात वर्षांची आहे, जन्म इथलाच. शाळेत इंग्रजी, मामींकडे तमिळ, माझ्याशी दोन्हींची खिचडी. मी मराठीत विचारायचं आणि तिनं तमिळमध्ये उत्तर द्यायचं, असा आमचा कारभार. रविवारी अंगात त्राण नसायचं, तरी तिला घेऊन बाराखडीला बसायचे. ती जांभया द्यायची, मी डुलक्या काढायचे. त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर, की पोरीला स्वतःची भाषासुद्धा देता येत नाही तुला.

एका शुक्रवारी संध्याकाळी बँकेतून आले, तर मामींच्या दारात लेकीची कोलमची, म्हणजे इकडच्या पिठाच्या रांगोळीची, शिकवणी चालली होती. आधी ठिपके घालायचे, मग त्यांच्याभोवती रेघ वळवत न्यायची. मी वर जाऊन आमटी गॅसवर ठेवली आणि लेकीची रांगोळी बघायला पुन्हा खाली आले. छान वळत होती रेघ. मग एका कोपऱ्यात चुकली, भलत्याच ठिपक्याकडे गेली. लेकीनं पांढऱ्या पिठाचा हात कपाळावर मारला आणि म्हणाली, "मूर्ख कुठली! एक काम धड येत नाही बाई तुला."

शब्द न् शब्द स्वच्छ. "बाई"वरचा हेलसुद्धा माझा.

मामी हसल्या आणि तमिळमध्ये मला म्हणाल्या, "किती सुंदर मराठी बोलते गं तुझी मुलगी!"

मी लेकीजवळ बसून म्हटलं, "असं बोलू नये गं स्वतःला."

"मग कसं बोलतात?" तिनं सहज विचारलं. "तू असंच बोलतेस ना, आई."

तक्रार नव्हती तिची. मोठ्या बायका स्वतःशी असंच बोलतात, एवढं तिला ठाऊक होतं. दुसरं काही मी तिच्या कानावर घातलंच नव्हतं.

तेवढ्यात वरून करपल्याचा वास आला. धावले, पण आमटीचा कोळसा झाला होता. लेक मागोमाग आली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबून माझ्या तोंडाकडे बघू लागली. ओठांवर सगळं आलंच होतं. गिळलं. त्याच्या जागी काय म्हणायचं ते काही केल्या सुचेना. शेवटी म्हटलं, "असू दे गं. दमलीयेस तू."

आवाज बँकेत गिऱ्हाइकाशी बोलतात तसा कोरडा निघाला. पण बोलले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. अगं आई गं, किती दमले होते मी!

"कुणाला म्हणालीस?"

"मला."

"हं," म्हणाली आणि खाली पळाली.

मी पातेलं घासायला घेतलं. खिडकीतून खालचं सगळं ऐकू येतं. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "मूर्ख कुठली!" माझा हात थांबला. खाली जावं की काय, असा विचार करत होते, तोच पुन्हा तीच बोलली, हळू, चाचरत, "असू दे गं. दमलीयेस."

मला स्वतःला ते अजून पटत नाही. दूध उतू गेलं की पहिलं तोंडात येतं ते जुनंच. पण आता ते गिळते आणि दुसरं मोठ्यानं म्हणते, पटो न पटो. घरात मराठी शिकणारं कुणीतरी आहे.