छर्रेकाकू आणि निरोपवाल्या ताई

एप्रनच्या खिशात कायम सायकलच्या बेअरिंगचे छर्रे, आणि चाललं की त्यांचा खुळखुळ आवाज. त्यामुळे गल्लीने त्यांना छर्रेकाकू हे नाव दिलं. नवरा लवकर गेला, तेव्हा त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान काकूंनी हाती घेतलं. "बाईमाणसाला काय जमणार?" म्हणणारेच पुढे वाकडी चाकं सरळ करून घ्यायला त्यांच्याकडे येऊ लागले. मुलगा त्याच दुकानात पाने-पकडींशी खेळत मोठा झाला. सून दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. सासू-सुनेचं चांगलं जमायचं, म्हणजे दोघी भांडायच्या, पण ताटं वाढेपर्यंत मिटलेलं असायचं.

मग मुलगा गेला. ताप आला, तो सगळ्यांना साधाच वाटला, आणि सकाळी दवाखान्यात नेईपर्यंत हाताबाहेर गेला होता. मागे राहिल्या आई, बायको आणि नुकतीच शाळेत जाऊ लागलेली मुलगी.

काकूंनी दुकान उघडं ठेवलं, कारण घरात बसवत नव्हतं. त्या दिवसांत एक मनुष्य लाल सायकल घेऊन आला. कॅरियरचा पाय तुटला होता. नवा भाग मिळेना, म्हणून काकूंनी जुन्या फ्रेमचा हिरवा तुकडा कापून तिथे जोडला. माणूस स्टुलावर बसून राहिला आणि हळूच म्हणाला, "काकू, डोळे सुजलेत तुमचे. काय झालं?"

इतकं कुणी आपुलकीने विचारलंच नव्हतं. काकूंचा बांध फुटला. मुलाचा ताप, सुनेचं "झोपू द्या, सकाळी बघू" म्हणणं, मुलीसाठी तो बनवत असलेली आणि अर्धवट राहिलेली दोन सीटची सायकल, सगळं त्यांनी सांगून टाकलं. माणसाने मान हलवत ऐकलं आणि निघून गेला.

काही दिवसांनी गल्लीत पत्रकं वाटली गेली. गेलेल्या माणसांचा निरोप देणाऱ्या एक ताई शेजारच्या वस्तीत राहायला आल्या होत्या. काकू सुरुवातीला हसल्या. पण दुःखात माणूस काडीचाही आधार शोधतो. गेल्या.

खोलीत जाड पडदे आणि उदबत्तीचा धूर. ताईंनी डोळे मिटले. "मुलगा आहे. हाताला तेलाचा वास येतोय. दोन माणसांनी चालवायची काहीतरी वस्तू... अपुरी राहिली म्हणतोय."

काकू खुर्ची पुढे सरकवून बसल्या.

"आणि म्हणतोय, घरातल्याच कुणीतरी उशीर केला. 'सकाळी बघू' म्हटलं."

काकू पुन्हा गेल्या, पुन्हा पुन्हा गेल्या. प्रत्येक वेळी मुलगा थोडा अधिक नाराज असायचा. शेवटी ताई म्हणाल्या, "ती बाई घरात आहे तोवर मला शांतता नाही, असं म्हणतोय."

काकू घरी आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "तू जा इथून."

सून भांडली नाही. मुलीचं दप्तर भरलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला भावाकडे निघून गेली. घर खायला उठलं. पण काकूंना वाटत होतं, निदान मुलगा तरी सुखी झाला असेल.

पुढच्या खेपेला त्या जरा लवकर पोहोचल्या. हात ग्रीसने माखले होते, म्हणून धुवायला घरामागच्या नळावर गेल्या. तिथे भिंतीला एक लाल सायकल टेकून उभी होती. कॅरियरचा एक पाय हिरवा. पायरीवर बनियन घातलेला मनुष्य चहा पीत बसला होता.

"कॅरियर टिकलंय का?" काकूंनी विचारलं.

"एकदम पक्कं, काकू!" तो सवयीने बोलून गेला. आणि मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

काकूंना वेगळं काही विचारावं लागलं नाही. दोन सीटची सायकल, तेलाचा वास, "सकाळी बघू". सगळं त्यांनीच त्याला दिलं होतं, आणि तेच कापून, रंगवून त्यांना परत मिळालं होतं.

त्या पुढच्या दाराने आत शिरल्या आणि खुर्च्यांवर बसलेल्यांना म्हणाल्या, "तुमच्याकडे लाल सायकलवाला मनुष्य आला होता का? जाडसर, गोड बोलणारा?"

एक बाई तडकली, "आमच्या श्रद्धेत ढवळाढवळ करू नका!" पण कोपऱ्यातला एक म्हातारा सावकाश उठला. "आला होता," तो म्हणाला. "पाऊस होता, छत्री विसरलो म्हणत आडोशाला आला, आणि संध्याकाळपर्यंत बसला." तो काकूंबरोबरच बाहेर पडला. पुढे दोघांनी आणखी काही कुटुंबं गाठली आणि पोलिसांत तक्रार दिली. ताई गाशा गुंडाळायच्या बेतात असतानाच सापडल्या.

पण काकूंचं खरं अवघड काम वेगळं होतं. दवाखाना सुटायच्या वेळी त्या सुनेच्या वाटेत उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं.

सून म्हणाली, "फसवलं त्यांनी, आई. पण 'जा' तर तुम्ही म्हणालात."

"हो. मीच म्हणाले. ते कुणावर ढकलणार नाही. आणि अजून एक. 'साधा ताप आहे, झोपू दे त्याला' हे त्या दिवशी आधी मी म्हणाले होते. तू माझ्यानंतर."

"माहीत आहे मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा मुलगा गेला होता. त्यावर हे ओझं कसं घालणार होते?"

काकू रस्त्यावरच मटकन खाली बसल्या. सून थोडा वेळ उभी राहिली आणि मग तीही शेजारी बसली.

मुलाला ज्यांच्याकडे नेलं होतं, त्या डॉक्टरांना दोघी मिळून भेटल्या. आदल्या दिवशी आणलं असतं तर वाचला असता का? डॉक्टर म्हणाले, "खात्रीने सांगता येत नाही. त्या दिवशी कदाचित मीसुद्धा गोळ्या देऊन घरी पाठवलं असतं." बाहेर पडताना काकू म्हणाल्या, "एवढ्या दिवसांत 'माहीत नाही' म्हणणारा हा पहिलाच भेटला." सून फिस्सकन हसली. मुलगा गेल्यानंतर काकूंनी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

ती लगेच परत आली नाही. दुकानापासून जवळ एक खोली घेतली आणि मुलीला शाळा सुटल्यावर आजीकडे पाठवू लागली. मग हळूहळू तीही थांबायला लागली. पहिलं भांडण झालं ते ट्यूबमध्ये हवा किती भरावी यावरून, आणि काकूंना त्या रात्री गाढ झोप लागली.

हल्ली दुकानात म्हातारेबुवा येतात, कधी त्यांच्या ओळखीचं आणखी कुणी. सायकल नसली तरी येतात. काकू हातातलं काम न थांबवता म्हणतात, "निरोप-बिरोप काही मिळत नाही इथे. पण कसा होता तुमचा माणूस, ते सांगा."

परवा म्हातारेबुवा सांगत होते, त्यांची बायको घोरायची आणि सकाळी आळ मात्र मांजरावर घ्यायची. सून हसून हसून बेजार झाली. "आणि मांजर?" नातीने विचारलं.

"ते बिचारं," म्हातारेबुवा डोळे पुसत म्हणाले, "एका शब्दाने बोललं नाही."