मामींच्या माहेरची निळी रेघ

माझ्या बायकोचे मामा सकाळी साडेसहाला परळहून सायकलवर निघतात, श्रीवर्धनला पोचतात आणि साडेसातच्या चहाला घरी हजर असतात. एवढी मजल मारून पायजम्याची इस्त्री न मोडणारा माणूस अख्ख्या मुंबईत दुसरा सापडायचा नाही. झालं असं, की मामींची डावी बाजू लुळी पडली. मालवणजवळचं माहेर एकदा डोळ्यांनी बघायचंय, एवढाच त्यांनी ध्यास घेतला. भाऊ गेल्यापासून त्या घराला कुलूप आहे, आणि डॉक्टर तर प्रवासाचं नाव काढू देईनात. तेव्हा मामांनी फोनवरच्या नकाशात परळपासून त्या अंगणापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी निळी रेघ काढली. सकाळी शेजारीण मामींजवळ बसते. त्या तासाभरात मामा मुंबईतल्या मुंबईत जेवढे किलोमीटर सायकल हाणतात, तेवढे त्या रेघेवर पुढे सरकतात. परत आले की मामी विचारतात, "आज खय पोचलंव?" मामा गावाचं नाव सांगतात आणि तिथले फोटो एकेक करून दाखवतात.

प्रवासात लबाडी नको, हा मामांचा बाणा. रोज संध्याकाळी फोन नाकाशी धरून ते उद्याचा रस्ता आखतात. रेघेवर चढ असेल तर सायकल अँटॉप हिलकडे, किनारा असेल तर वरळीच्या समुद्राकडे, आणि सुरूचं बन असेल तर रे रोडच्या लाकडाच्या वखारींवरून. "झाडं नाहीत तर नाहीत, लाकडाचा वास तरी यायला हवा," असं त्यांचं म्हणणं. फोनमधली बाई सरळ जा म्हणाली आणि यांना डावीकडे जायचं असलं, तर तिचा अपमान नको म्हणून "बाई, जरा काम आहे इकडे," असं मोठ्याने सांगून वळतात. लालबागला एका हवालदाराने विचारलं, "काका, कोणाशी बोलताय?" मामा म्हणाले, "रस्ता दाखवणाऱ्या बाईंशी. आम्ही दापोलीला चाललोय." हवालदाराने त्यांना हाताला धरून, सायकलसकट, रस्ता ओलांडून दिला.

दाभोळच्या खाडीशी मात्र गाडं अडलं. तिथे रेघ पाण्यातून जाते, फेरीबोटीने. बोटीत बसून पेडल कसं मारणार? दोन दिवस मामांनी सायकलला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मला घेऊन ते भाऊच्या धक्क्यावर गेले आणि बोटीला पलीकडे जायला लागतो तेवढा वेळ आम्ही नुसते पाण्याकडे बघत बसलो. ऊन कोवळं होतं. लाटा संथ येत होत्या, आणि हळूहळू मलाही आपण बसलोय ती फरशी पुढे सरकतेय असं वाटायला लागलं. "उतरा जावईबापू, आला काठ," मामा म्हणाले, आणि मी खरोखरच जपून पाय टाकला.

माहेर चार किलोमीटरवर आलं आणि मामा थांबले. सायकल रोज फिरायची, पण रेघेवर पुढे जायचं नाव नाही. कधी ओढ्यावरचा साकव दुरुस्तीला, कधी चाकात हवा कमी. जिन्यात मला गाठून म्हणाले, "पोचलो की संपलंच हो. मग ती सकाळी कशाची वाट बघणार?" ती भीती मलाही वाटत होती.

मामींना हे सगळं पडल्यापडल्या कळलं होतं. एका सकाळी त्या म्हणाल्या, "माका पोचवा आता. चार दिस रवया, मगे परत न्हेवा."

दुसऱ्या दिवशी मामांनी पोचवलं. नकाशात वरून दिसणाऱ्या कौलांवर बोट ठेवून मामींनी आम्हाला विहीर दाखवली, फणस दाखवला. पुढचे चार दिवस मामा पलंगाशेजारच्या खुर्चीत सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे बसून होते, आणि चहासुद्धा शेजारीण करून देत होती.

पाचव्या सकाळी माझ्या बायकोने तांदूळ आणि नारळ नेला. लेक माहेराहून निघाली की तिची ओटी भरायची, आणि तिथे तर आता भरणारं कोणी नव्हतं. मामींनी उजव्या हाताने पदर धरला, डावीकडचं टोक शेजारणीने धरलं. ओटीत नारळ पडला आणि मामी माहेर सोडताना रडतात तशा रडल्या, पोटभर. मामा दारात सायकल धरून उभे होते. मग ते हळूच म्हणाले, "निघूया ना? परळ लांब आहे."